दुसऱ्याच्या हातची काडतुसं

व्हर्ना स्टिडहॅमने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. क्रेनर खोऱ्यातला रस्ता म्हणजे एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला ओढा, समोरून कोळशाचा ट्रक आला की कुणीतरी मागे सरायचं. व्हर्ना कधी मागे सरली नाही आणि बसला कधी ओरखडाही आला नाही. हे ती न विचारताही सांगायची. एकदा ऐकलेल्यालाही पुन्हा सांगायची.

निवृत्त झाल्यावर बस गेली. मग तिच्यापाशी ऐट मिरवायला एकच गोष्ट उरली, तिच्या हातची काडतुसं.

हे तिला नवऱ्याने, डेल्मरने शिकवलं. डेल्मर खाणीत काम करायचा आणि सुट्टीच्या सकाळी धुण्याच्या खोलीतल्या बाकावर काडतुसं भरायचा. झाडलेल्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून घ्यायच्या, प्रेसमध्ये दाबून मूळ मापावर आणायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापट्याचा दांडा ओढून मोजकी बंदुकीची दारू घालायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. बघायला सोपं. पण डेल्मरचे नियम म्हणजे नियम. मापट्याच्या दांड्याला हात लावण्याआधी फोन हुकावरून काढून ठेवायचा. भोकांच्या फळीत पन्नास पुंगळ्या भरून झाल्या की गोळी बसवायच्या आधी प्रत्येकीत टॉर्चचा उजेड टाकून बघायचं. आणि दुसऱ्याच्या हातची काडतुसं आपल्या बंदुकीत घालायची नाहीत, आपली दुसऱ्याला द्यायची नाहीत, मग तो सख्खा भाऊ असो नाहीतर चर्चचा पाद्री.

खोऱ्यात हा शेवटचा नियम सगळेच पाळतात. शेजाऱ्याला ट्रक देतील, किडनीसुद्धा देतील, काडतूस देणार नाहीत.

व्हर्नाने हा नियम मोडला तो नणंदेसाठी.

ओपल म्हणजे डेल्मरची थोरली बहीण. लग्न केलं नाही, अडतीस वर्षं पोस्टात काढली, अख्ख्या खोऱ्याची पत्रं न उघडता वाचली. या नणंद-भावजयींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन जुळी रिव्हॉल्व्हरं घेतली होती. पाच गोळ्यांची, दोन इंची नळीची, चकचकीत स्टीलची. डेल्मर पोट धरून हसला होता.

"ही काय बंदूक आहे? स्वयंपाकघरातलं भांडं आणलंत तुम्ही. घासायला राख देऊ का?"

खोऱ्याच्या दमट हवेत दोन वर्षांत त्याच्या काळ्या बंदुकीला गंज चढला आणि ही भांडी तशीच राहिली. मग तो हसायचा थांबला. तेव्हापासून दर शनिवारी जुन्या दगडखाणीत दोघी पंचवीस-पंचवीस गोळ्या झाडायच्या. हरेल तिने पुढच्या शनिवारी थरांचा केक करून आणायचा, वाळवलेली सफरचंदं आणि ज्वारीच्या धाटाची काकवी घालून. डेल्मर गेला, त्या शनिवारी तेवढा खाडा पडला.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ओपलला अर्धांगाचा झटका आला. दीड दिवस ती एकटी स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होती. व्हर्नाला सापडली तेव्हा तिच्या मुठीत फोनचा रिसीव्हर होता. जीव वाचला, जीभ तर आधीपेक्षा धारदार झाली, पण उजवा हात गेल्यासारखाच. डाव्याने नेम धरायला ती शिकली, पण छोटं रिव्हॉल्व्हर मोठ्यापेक्षा जास्त उसळतं आणि दुकानातल्या काडतुसांनी तिचं मनगट सुजायचं. डॉक्टर म्हणाले, बंद करा. ओपल त्यांना जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून व्हर्ना तिच्यासाठी कमी दारूची, मऊ काडतुसं भरायला लागली. आठवड्याला पन्नास. ओपलचा अख्खा आठवडा त्या शनिवारवर उभा होता, हे व्हर्नाला ठाऊक होतं. नियम ठेवा गुंडाळून.

तर त्या गुरुवारी सकाळी व्हर्ना घरामागच्या मातीच्या बांधावर सराव करत होती. मंगळवारी शंभर भरली होती, सगळी एकाच मऊ मापाची, आणि मग दोन डब्यांत वाटली होती, पन्नास आपली, पन्नास ओपलची. ओपलचा डबा बुधवारी चर्चच्या जेवणात पोचताही झाला होता. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीची तिसरी गोळी. चाप ओढला आणि 'ठो' च्या जागी नुसतं 'फट्' झालं. हाताला झटका नाही, बांधावर माती उडाली नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने पुन्हा चाप ओढला असता. व्हर्नाने बोट काढलं, चक्री उघडून काडतुसं काढली आणि नळीत सळई घातली. सळई मधेच अडली. गोळी आतच बसली होती. म्हणजे त्या पुंगळीत दारू नव्हतीच, टोपीच्या जोरावर गोळी जेमतेम नळीत शिरली होती.

ती तिथेच बाकड्यावर बसली. एका पुंगळीत दारू नाही. मग तिच्या वाटणीची दारू गेली कुठे?

आठवायला वेळ लागला नाही. मंगळवारी शेवटच्या फळीला एका हातात भरलेली पुंगळी होती, दुसऱ्या हातात रिकामी, आणि फोन वाजला. ओपलचा. तिची काकवी संपली होती. काकवीवरून विषय पाद्र्याच्या नव्या गाडीवर गेला, तिथून त्याच्या बायकोच्या केसांवर. परत येऊन व्हर्नाने दांडा ओढला तो हसत हसतच. कुठली पुंगळी मापट्याखाली धरली आणि कुठली तशीच फळीवर ठेवली, कुणाला ठाऊक! टॉर्च फिरवला की नाही, हेही तिला शपथेवर सांगता आलं नसतं. मऊ काडतुसाची दारू इतकी थोडी, की दुप्पट पडली तरी पुंगळी ओसंडत नाही. वरून काही कळत नाही, कळतं ते बंदूक हातात फुटल्यावर.

तिने धावत आत जाऊन फोन लावला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. गुरुवारी सकाळी ओपल कोंबड्यांच्या खुराड्यामागे असते. सराव करत.

व्हर्ना ट्रकमध्ये बसली. सहा मैल, पण डोंगराच्या पूर्ण धारेला वळसा घालून जायचं. वळणावर तिने काच खाली केली आणि लांबून पहिला आवाज ऐकला. मग दुसरा. तिने पाच मोजले. मग शांतता, म्हणजे ओपल डाव्या हाताने एकेक काडतूस घालतेय. त्याला तिला वेळ लागतो. देवा, आज तिला अजून वेळ लागू दे, असं व्हर्ना मोठ्याने म्हणाली आणि हॉर्नवर हात दाबून धरला. तो तिने थेट अंगणात येईपर्यंत काढला नाही. एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं, फाटकाचा खांब पाडला.

मधे आणखी तीन आवाज झाले होते.

"कोण मेलं?" ओपल खुराड्यामागून ओरडली.

"खाली ठेव ते! ओपल, खाली ठेव!"

"फाटक पाडलंस की गं माझं!"

"फाटक गेलं खड्ड्यात! आधी बंदूक ठेव!"

ओपलने रिव्हॉल्व्हर फळीवर ठेवलं. व्हर्नाने चक्री उघडून पालथी केली. तीन रिकाम्या पुंगळ्या, दोन भरलेली काडतुसं.

"टोप्या खराब निघाल्यात," ती म्हणाली. "दुकानदाराने परत मागवल्यात. सगळी दे इकडे."

ओपलने तिच्याकडे नीट बघितलं. "खोटं बोलताना तू डावा कान चोळतेस. लग्नाच्या दिवसापासून बघतेय मी. काय झालं?"

मग व्हर्नाने सांगितलं. फोनचं सोडून सगळं सांगितलं. हात चुकला, म्हणाली. एकीत दारू नाही आणि एकीत दुप्पट आहे. माझ्या डब्यात असेल नाहीतर तुझ्या. बंदूक फुटली असती, कदाचित नसतीही. पण तुझा एकच हात शिल्लक आहे गं.

"बरं," ओपल म्हणाली. "चल, शोधू या."

ट्रकने दोघी व्हर्नाच्या धुण्याच्या खोलीतल्या बाकापाशी आल्या. अख्ख्या काडतुसाचं वजन करून ते सापडत नाही. पितळ आणि शिसं मुळातच थोडं कमीजास्त असतं, त्यात चिमूटभर दारूचा पत्ता लागत नाही. प्रत्येक काडतूस फोडावंच लागतं. त्यासाठी एक पोकळ प्लॅस्टिकचा हातोडा मिळतो. काडतूस त्याच्या तोंडात अडकवायचं आणि लाकडावर हाणायचं, की गोळी आणि दारू सुटी होऊन आत पडते. व्हर्ना हाणत होती आणि ओपल डाव्या हाताने दारू काट्यावर ओतून आकडा वाचत होती. बरोबर. बरोबर. बरोबर. फोडणीला मोहरी टाकावी तशी दोघींची जीभ एरवी तडतडते, पण त्या दिवशी तासभर दुसरा शब्द नव्हता.

तेविसाव्याला ओपल थांबली. "हे बघ."

काटा दुपटीवर गेला होता. चिमूटभर करडी भुकटी. व्हर्नाने ती बघितली आणि हातोडा खाली ठेवला. "सापडलं" असं ती म्हणणार होती, पण तिला रडूच फुटलं.

"आता काय झालं? सापडलं ना!"

"मी आता भरणार नाही, ओपल. संपलं. डेल्मरने सांगितलं होतं, दुसऱ्याला द्यायची नाहीत. मी दिली. आणि काय दिलं बघ!"

"मग शनिवारी मी काय झाडू? अंडी?"

"दुकानातली घे."

"दुकानातली झेपत नाहीत, हे तुला माहीत आहे."

"मग नको झाडूस!" व्हर्ना ओरडली. "केक मी करीन दर शनिवारी, बसून खा!"

काट्यावरची दारू ओपलने हळूच बाटलीत झटकली. मग म्हणाली, "मंगळवारी मी काकवीसाठी फोन केला, तेव्हा तू या बाकावर होतीस ना?"

व्हर्नाचा हात डाव्या कानाकडे गेला.

"कान सोड. डेल्मर होता तेव्हा सकाळी फोन लागला नाही की आम्ही समजायचो, स्वारी दारू मापतेय. सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. तू फोन का काढून ठेवला नाहीस?"

"नाही ठेवत."

"कधीपासून?"

व्हर्नाच्या तोंडून एकदम सगळंच बाहेर आलं. "तू पडलीस त्या दिवसापासून! त्या दिवशी मी काडतुसं भरत होते. फोन काढून ठेवला आणि परत ठेवायला विसरले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच. आणि तुझ्या हातात रिसीव्हर होता, ओपल! तू मला लावत होतीस आणि माझा फोन इथे टॉवेलवर पडला होता. मग कसा ठेवू काढून? तू परत पडलीस तर?"

दोन वर्षं हे ती कुणालाही बोलली नव्हती, पाद्र्यालाही नाही.

ओपलने आपल्या निकामी हाताकडे बघितलं. "अगं वेडे," ती म्हणाली, "पडताना मी मेज धरायला गेले, हातात फोन आला. नंबर फिरवायला बोट हललं असतं, तर आधी डॉक्टरला केला असता. तुला कशाला? तू आली असतीस आणि माझं फाटक पाडलं असतंस."

हे खरं होतं की ओपलने तिथल्या तिथे रचलं, व्हर्नाला कळलं नाही. अडतीस वर्षं दुसऱ्यांची गुपितं सांभाळलेल्या बाईच्या तोंडावरून काही वाचता येत नाही. व्हर्नाने विचारलंही नाही. तिने नाक पुसलं आणि राहिलेली काडतुसं फोडायला घेतली, ओपलची नऊ आणि आपली सदतीस. एक चूक झाली म्हणजे दुसरी झालीच नसेल, याची काय खात्री? सगळी बरोबर निघाली.

शुक्रवारी सकाळी ओपलला शेजाऱ्याच्या ट्रकने व्हर्नाच्या अंगणात सोडलं. तिच्या मांडीवर रिकाम्या पुंगळ्यांचा डबा होता. विचारायच्या आधीच ती धुण्याच्या खोलीत शिरली आणि बाकासमोरचं डेल्मरचं स्टूल तिने पायाने ओढून घेतलं.

"मी सांगितलं ना, मी भरणार नाही म्हणून," व्हर्ना म्हणाली.

"तुला कोण भर म्हणतंय? माझा डावा हात धडधाकट आहे, दांडा मी ओढणार. तू नुसता उजेड दाखव आणि बघ. माझ्या भावाचा नियम आहे, दुसऱ्याच्या हातची काडतुसं घालायची नाहीत. दोन वर्षं घातली, पुरे झालं. आता माझ्या हातची माझी."

"तुला जमणार नाही. तुझा हात थरथरतो."

"मग तू गप बस आणि मोज. आणि उद्या हरलीस तर केकमध्ये काकवी हात राखून घाल. मागचा गिळवत नव्हता."

व्हर्ना काहीतरी खरमरीत बोलणार होती. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फोनसमोर उभी राहिली. मग तिने रिसीव्हर हुकावरून उचलला आणि घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला. जिचा फोन चुकायची धास्ती होती, ती बाकासमोर बसून दांडा ओढायला थांबली होती.

"आलीस का?" ओपल आतून ओरडली. "की टॉर्च शोधायला अजून एक फाटक पाडतेस?"