गुडरूनचा बिनलोण्याचा कॉड

गुडरून नवऱ्याला उपाशी मारते आहे, ही बातमी ख्रिसमसच्या आधीच आमच्या बेटभर झाली होती. आर्विद वाळला होता हे खरं. त्याची विजार दोरीने आवळलेली मी स्वतः पाहिली. पण उपाशी? छे! ताट भरभरून मासे खायचा तो. बंद झालं होतं ते फक्त लोणी. उन्हाळ्यात त्याच्या काळजाने दगा दिला, बेर्गेन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आणि गुडरूनने घरी येताच लोणी वितळवायचं भांडं माळ्यावर टाकलं.

आता आमच्यात कॉड माशावर लोणी न ओतणं म्हणजे पाहुण्याला दारातूनच वाटेला लावणं. आर्विद कुरकुरायचा आणि गुपचूप भावाकडे, टोर्गरकडे जाऊन लोण्यात तळलेले तुकडे हाणून यायचा. घरी आला की मिशांचा वास चहाडी करायचा. मग जी जुंपायची, ती मला खिडकी न उघडताही ऐकू यायची. (उघडायचे मी, तो भाग वेगळा.)

शेवटी आर्विद म्हणाला, "नववर्षाच्या गावजेवणाला तुझा तो फिका मासा वाढ. गावाने ताटं चाटूनपुसून खाल्ली, तर टोर्गरच्या चुलीकडे बघणारसुद्धा नाही. नाहीतर माझं भांडं खाली काढायचं."

"काढीन की! तुझ्या मयताच्या जेवणाला लागेलच."

गावजेवणाच्या दिवशी कांदे सोलायच्या निमित्ताने मी सभागृहाच्या स्वयंपाकघरात घुसले. गुडरूनने कॉडला मीठ चोळून, मांस घट्ट व्हावं म्हणून थंडीत ठेवलं होतं. मीठ धुऊन टाकलं. मोठ्या पातेल्यात खारं पाणी, तमालपत्र, मिरी. पाण्याला उकळी फुटली, तुकडे आत गेले आणि तिने आच बंद करून झाकण ठेवलं.

टोर्गर डोकावला. "वहिनी, चूल विझली तुमची!" म्हणत त्याने बटणाला हात घातला. गुडरूनच्या हातातला डाव त्याच्या बोटांवर बसला.

"हात काढा, भावोजी. पाणी खदखदलं की मासा चिवट होतो, आणि मग तो गिळायला लोणी लागतं."

मासा पाकळ्या पाकळ्यांनी सुटला, पांढराशुभ्र. सोबत उकडलेले बटाटे, वाफवलेली गाजरं, आणि घट्ट दह्यात कालवलेली मोहरी न् शेपू. टोर्गरने कोटाखालून वितळलेल्या लोण्याचा चंबू काढून टेबलावर ठेवला. आर्विदची नजर त्या चंबूवर, गुडरूनची आर्विदवर. माझा घास हातातच.

नावं ठेवायची तर आधी कोरा चाखावा म्हणून टोर्गरने एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. चंबू टेबलभर फिरला. कुणी हुंगला, कुणी पुढे सरकवला, ओतला कुणीच नाही. परत आला तेव्हा लोणी थिजून गेलं होतं. पातेलं मात्र खरवडून रिकामं. आमच्या बेटावर पट्टीच्या स्वयंपाकिणी पुष्कळ झाल्या, पण लोण्याचा चंबू भरलेला परत पाठवणारी ही पहिलीच. आणि ती माझी शेजारीण आहे, हे मी त्या दिवशी दिसेल त्याला सांगत सुटले.

आर्विदने रिकामं ताट बायकोपुढे धरलं. तिने स्वतःच्या ताटातला तुकडा त्याला वाढला.

टोर्गरला मात्र राहवेना. "बरा होता, वहिनी. पण इतकी वर्षं आम्ही खाल्ला त्या माशाची चव काही औरच."

गुडरून म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही लोणी खाल्लंत, भावोजी. मासा आज पहिल्यांदा खाल्लात."