बघायचं काम मायलोचं

मायलो क्रेचीला गावात सगळे ‘पंधरा मिनिटांचा कोच’ म्हणत. नेब्रास्कातल्या त्या चिमुकल्या शाळेत अमेरिकन फुटबॉलचा सराव संपत आला, चढाईवाले आणि बचाववाले दमून गेले, की उरलासुरला वेळ मायलोच्या स्पेशल टीमला, म्हणजे किक मारणाऱ्यांना आणि झेलणाऱ्यांना. असल्या शिळ्या वेळावर त्याने जन्म काढला. कितीतरी सामने त्याच्या पोरांच्या एका किकवर जिंकले गेले. पेपरात फोटो मात्र दुसऱ्यांचे. मायलोला त्याचं काही नव्हतं.

त्याची शिकवण एकच. “मान खाली! चेंडू कुठे गेला ते बघायचं काम माझं.”

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग आता जाणार. मायलो शाळेची बसही चालवायचा; तिची किल्ली त्याने परत केली आणि पाठ दुखते म्हणून ठोकून दिलं. खरं फक्त बायकोला ठाऊक.

“टीमलाही सांगून टाक ना,” आर्लिन म्हणाली.

“एवढा मोसम जाऊ दे गं.”

तिने जर्दाळू भरलेले कोलाचे, तिच्या हातचे गोड पाव, त्याच्या पुढ्यात ठेवले.

थाप पचली. पण एकदा गोलच्या दोन खांबांच्या पार बाहेर गेलेल्या किकला तो म्हणाला, “वा, मधोमध!” कोच टोमणा मारतायत असं समजून पोरं खिदळली. किक मारणारा कोल्बी तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक किकनंतर तो जवळ येऊन हळूच सांगू लागला, “डावीकडून गेला, कोच.” “आत गेला, कोच.” मायलोला भरून यायचं, पण त्याने काही कळलंच नाही असं दाखवलं.

आणि कोल्बीच्या किक बिघडत गेल्या. का, ते मायलोच्या फार उशिरा लक्षात आलं. त्याला सांगता यावं म्हणून पोरगं मान आधीच वर उचलत होतं.

शेवटचा सामना परगावी होता. दोन गुणांनी मागे, वेळ संपत आलेली; खांबांमधून गेलेल्या किकला तीन गुण. मुख्य कोच डुएन ओरडला, “मायलो, मारेल का हा इथून?”

“मारेल!” म्हणत मायलोने कोल्बीला हेल्मेट धरून जवळ ओढलं. “माझ्यासाठी बघायचं नाही. मला दिसत नाही, हे आज मी सगळ्यांना सांगणार आहे. तू मान खाली ठेव.”

“मग तुम्हाला कळणार कसं, कोच?”

“अरे वेड्या, मैदान त्यांचं, बघणारेही त्यांचेच. बरोबर कळेल.”

कोल्बी बिचकावा म्हणून त्यांचं अख्खं गाव बोंबलत होतं. त्या गदारोळातही मायलोला चेंडूवर बसलेल्या पायाचा भरीव आवाज ऐकू आला. बोंबाबोंब क्षणभर चालूच राहिली, आणि मग एकदम सगळे चिडीचूप झाले.

कोल्बी अजून मान खाली घालूनच उभा होता. कडेला मायलोने डोळे पुसले, चाचपडत डुएनचा दंड शोधला आणि म्हणाला, “डुएन, जरा बोलायचंय.”