माशांची पिल्लं आणि बंद पडणारी पिकअप

वडगावच्या अलीकडे पिकअप पुन्हा बंद पडली तेव्हा सुनीलने स्टिअरिंगलाच हात जोडले. मागे हौद्यात माशांची जिवंत पिल्लं होती. ती दुपारपर्यंत पवना धरणात पोचायला हवी होती, आणि आम्ही जुन्या हायवेच्या कडेला येणाऱ्या-जाणाऱ्यांना दर्शन देत उभे.

"मॅडम, डिझेलच्या पाइपात एअर घेतलीय बहुतेक."

"लोणीला एअर, देहूरोडला एअर, आता इथेही एअर. तुझ्या इंजिनला हवा खायची एवढी हौस आहे का रे?"

सुनील तळेगावचा. पिकअप त्याची स्वतःची, जुनी पण गुणी. बॉनेट उघडून त्याने डिझेलचा हातपंप मारला, थोडा वेळ थांबला, सेल मारला. गाडी सुरू! काहीच झालं नाही असा आवाज. मला खरं तर रागच आला. बिघडायचं तर नीट बिघडावं माणसाने, म्हणजे गाडीने.

मी मत्स्यव्यवसाय अधिकारी आहे. धरणातले मासे आपोआप होतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण रोहू, कटला हे वाहत्या पाण्यातले मासे. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही. म्हणून दरवर्षी पावसाळ्यात बीज केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडावी लागतात. त्या वर्षी ती इंदापूरकडून आणत होतो. आदल्या वर्षी बीज आलंच नव्हतं. पवनानगरच्या मच्छीमारांची जाळी वर्षभर जवळपास रिकामी निघाली होती. यंदाही गाडीत पिल्लं मेली असती, तर पुढच्या वर्षी घराघरात काय शिजणार, हा साधा प्रश्न होता.

वाहतुकीची पद्धतही साधी. पॉलिथिनच्या पिशवीत थोडं पाणी, त्यात पिल्लं, वरच्या मोकळ्या जागेत ऑक्सिजन. मग तोंड पिळून, दुमडून रबरबँडने आवळायचं. गाठ जराशी ढिली राहिली तर रस्त्यातच सगळं खलास. पवनानगरच्या मच्छीमार सोसायटीतर्फे गेनूआबा सोबत आले होते. पहाटे केंद्रातल्या माणसांना बाजूला सारून सगळ्या पिशव्या त्यांनी स्वतः बांधल्या. दुसऱ्याच्या गाठीवर आबांचा कधीच भरवसा नसतो.

आता ते हौद्यात बसून पिशव्यांवर ओली गोणपाटं टाकत होते आणि सुनीलचा उद्धार करत होते.

"गाडी हाय का रुसलेली नवरी? दर दोन गावांला बसतीया!"

"आबा, माझ्या गाडीला काही बोलायचं नाही हां. तुमचे मासेच जड झालेत."

"मासं बोटायेवढं हायेत, मेल्या!"

कामशेतला ती भर बाजारात बंद पडली. आबांनी एक पिशवी उजेडात धरून मला दाखवली. पिल्लं वर येऊन तोंडं उघडझाप करत होती. पाण्यातला ऑक्सिजन कमी व्हायला लागला की ती असं करतात. मी घाईघाईने साहेबांना फोन लावला.

"सर, दुसरी गाडी मिळेल का?"

"आज? आज सगळ्या गाड्या बाहेर आहेत. पोचताय ना पण? सोसायटीची सगळी माणसं काठावर येऊन बसलीयत."

"पोचतोय सर. टप्प्याटप्प्याने."

पवनानगरला जाणाऱ्या वडापच्या जीपवाल्याला विचारलं. त्याने ओल्या गोणपाटांकडे पाहिलं, जीपमधल्या पॅसेंजरकडे पाहिलं आणि मान हलवली. गॅरेजवाला म्हणाला, डिझेल खेचणारा फीड पंप गेला असणार, लोणावळ्याहून मागवावा लागेल, संध्याकाळ होईल. तेवढ्यात सुनीलने सेल मारला आणि गाडी पुन्हा सुरू! गॅरेजवाला पाना हातात धरून बघतच राहिला. आम्ही पळालो.

पवनानगरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना भातलावणी चाललेली, वर भुरभुर पाऊस. एरवी मी खिडकीतून फोटो काढले असते. त्या दिवशी कान फक्त इंजिनकडे होते. निम्म्या वाटेत त्याने दोन आचके दिले आणि प्राण सोडला.

आता मात्र सुनील रडकुंडीला आला. "मॅडम, डिझेलच खराब असेल. टाकीत पाणीबिणी आहे का बघतो एकदा."

तो टाकीकडे वळताच आबा हौद्यातून ओरडले, "हात लावू नगंस! फाडशील. म्या बांदलंय ते, म्याच सोडनार."

मला काही कळेना. टाकीचं काय बांधलं होतं? तेव्हा उलगडा झाला. आदल्या दिवशी डिझेल भरताना टाकीचं झाकण पेट्रोल पंपावरच राहिलं होतं. पहाटे सुनीलने आबांना सांगितलं, जरा काहीतरी लावा, डिझेल हिंदकळतंय. आबा तेव्हा पिशव्या बांधायच्या तारेत होते. त्यांनी टाकीच्या तोंडावर दुहेरी पॉलिथिन ताणलं आणि रबरबँड आवळून आवळून अगदी माशांच्या पिशवीसारखं बांधलं.

आबा खाली उतरले. ते पॉलिथिन वाटीसारखं आत ओढलं गेलं होतं. त्यांनी एकेक रबरबँड सोडवला. शेवटचा सुटला तशी टाकीने 'सुस्स' करून एवढी मोठी हवा आत ओढली की आबा दचकून मागे झाले.

"हिला बी हवा लागती व्हय?"

लागते. टाकीतून डिझेल जातं, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. हवा आलीच नाही तर पंप डिझेल खेचणार कसं? गाडी थांबली की रबरबँडखालच्या पॉलिथिनच्या सुरकुतीतून हळूहळू थोडी हवा आत शिरायची, त्या जोरावर ती पुढचं गाव गाठायची. सुनील कपाळावर हात मारून रस्त्यातच बसला. मग तिघंही असे हसलो की लावणीतल्या बायका वाकल्या होत्या त्या उभ्या राहिल्या.

टाकीच्या तोंडाला फडक्याचा सैलसा बोळा लावला. गाडी धरणापर्यंत एकदाही कुरकुरली नाही.

काठावरची माणसं पिशव्या उतरवायला धावली. पिशव्या आधी बंदच पाण्यावर तरंगत ठेवायच्या असतात. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत थांबावं लागतं. तो वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. मग आबा गुडघाभर पाण्यात शिरले आणि पहिली पिशवी सोडली. पिल्लं तोंडाशीच घुटमळली. क्षणभर वाटलं, गेली. तेवढ्यात एक निसटलं, त्याच्यामागे दुसरं, आणि मग सगळा घोळका सळसळत खोल पाण्यात दिसेनासा झाला. सगळ्या पिशव्या मिळून ओंजळभर पिल्लं मेली होती, बस्स. एरवी वेळेत पोचूनही याहून जास्त जातात. मला इतका आनंद झाला की मी चपलांसकट पाण्यात उतरले.

साहेबांचा फोन आला. "काय बिघाड होता शेवटी?"

"गेनूआबांनी टाकी फार घट्ट बांधली होती, सर."

"काय माणसं असतात! आणि मासे?"

"जिवंत आहेत."

"एवढ्या उशिरानंतर? कसे काय?"

"पिशव्याही त्यांनीच बांधल्या होत्या."

साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीही त्यांनाच न्या. फक्त गाडीपासून लांब ठेवा."