गाडी ताठ उभी राहिली

वादी कबीरमधल्या मंडळींनो, तुमच्यातल्या गॅरेजवाल्यांना विचारतोय.

आज सकाळी ओळखीचा एक अर्बाब, म्हणजे इथला अरब शेठ, पिकअप घेऊन आला. मागच्या हौद्यात त्याला जुना कॅम्पर बसवायचा होता. कॅम्पर म्हणजे झोपायची आख्खी खोलीच. ती चढवली आणि गाडी मागून बसली.

मी म्हटलं, "अर्बाब, वजन जास्त होतंय. डोंगरात नेऊ नका."

"स्प्रिंगचे पाटे वाढव. दुपारी मुलांना घेऊन निझव्याच्या वर डोंगरात जायचंय."

दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे घातले. गाडी ताठ उभी राहिली. त्याने लांबून पाहिलं, खूश होऊन "खलास, झालं काम" म्हणाला. मुलं आत गादीवर उड्या मारत होती.

ब्रेक तेच, टायर तेच, वजनही तेवढंच. मागून बसलेली गाडी बघून माणूस निदान घाबरला तरी असता. ती भीतीच मी काढून टाकली.

तुम्ही चावी दिली असती का?

संध्याकाळपासून फोन लावतोय. वर रेंज नाही. चढताना काही होणार नाही, माहीत आहे मला. घाट तो उद्या सकाळी उतरणार आहे.