चाकावरची टोपी

आमची कंपनी विकली गेली हे आम्हाला गेटवरच्या रखवालदाराकडून कळलं. पहिल्या पाळीच्या बसमधून उतरलो, तर जुनी पाटी काढून भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली. आत साहेबांनी पेढे वाटले. आता आपण मोठ्या घरचे झालो, म्हणाले. या सोयरिकीत मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण, ते मात्र कुणी सांगेना. पेढा सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा रसायनांचा कारखाना तसा लहानच. सांगलीकडून मी बोईसरला आलो, भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो, ऑपरेटरचा सुपरवायझर झालो, तो याच एका कारखान्यात. मी लागलो त्याच आठवड्यात जवळच्या मुरबे गावचा एक जण लागला. घरची मच्छीमारी, पण होडीत पाय ठेवला की मला उलट्या व्हायच्या, म्हणून कारखान्यात आलो, असं तो स्वतःच सांगून हसायचा. माझ्या डब्यातली भाकरी तो खायचा आणि त्याच्या डब्यातली सुकी मासळी मी. माझ्या गावचे लोक ऐकते तर म्हणाले असते, पोरगा बाटला.

आमच्याकडे एक रीत होती. कुणाला दुरुस्तीसाठी पंप उघडायचा असला, की त्याने आधी वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि आपली निळी टोपी त्याच्या चाकावर अडकवायची. टोपीच्या आत मार्करने लिहिलेलं नाव. ज्याची टोपी, त्यानेच ती काढायची. मालकसुद्धा कुणाच्या टोपीला हात लावत नसत. कागद नाही, सही नाही, पण टोपी आहे तोवर त्या चाकाला कुणी शिवायचं नाही. टोपी नसली, की चाक मोकळं.

नव्या कंपनीला हा शुद्ध अडाणीपणा वाटला. खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक व्हॉल्व्हला कुलूप, कुलपाला चिठ्ठी, चिठ्ठीवर सह्या. फक्त ती कुलपं आली नव्हती. पुढच्या आठवड्यात येतील, असं दर आठवड्याला सांगायचे. टोप्या मात्र ताबडतोब जमा करा म्हणाले, कारण त्यांच्यावर जुन्या कंपनीचं चिन्ह होतं. निम्म्या लोकांनी दिल्या, निम्म्यांनी हरवल्याचं सांगितलं. मुरब्याच्या माझ्या दोस्ताने मला तोंडावर ऐकवलं, "आदी कुलूप आन, मग टोपी ने. तवर मी नाय देनार."

मी माझी दिली होती, पहिल्याच दिवशी, धुऊन, घडी घालून. माणसं कमी करणार अशी कुजबुज होती आणि दोन्हीकडचे मिळून सुपरवायझर जास्त झाले होते. मी घाबरलो होतो. याला दुसरा चांगला शब्द मी पुष्कळ शोधला, सापडला नाही.

मग एक दिवस हेड ऑफिसची माणसं बघायला येणार, असा निरोप आला. नवे मॅनेजर सकाळी मला म्हणाले, "पुराना कुछ भी दिखना नहीं चाहिए. समझे ना?" मी समजलो. पाहुणे यायच्या आधी फेरी मारायला निघालो, तर कॉस्टिकच्या, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याच्या लाइनवर, चाकाला निळी टोपी. आत नाव वाचायची गरज नव्हती. कडेचा पांढऱ्या दोऱ्याचा टाका कुणाचा ते मला ठाऊक होतं. माझा दोस्त खाली पंप उघडून बसला असणार हेही मला ठाऊक होतं. हाक मारून सांगावं असं मनात आलं, तेवढ्यात फोन वाजला, गाडी गेटवर आली. मी टोपी काढून खिशात घातली. दोन मिनिटांत येऊन सांगू म्हटलं आणि पुष्पगुच्छ द्यायला पळालो.

पाठोपाठ आमचाच एक जुना ऑपरेटर लाइन सुरू करायला तिथे आला. नव्यांपैकी कुणी असता तर त्याने कागद मागितला असता, निदान खाली डोकावून पाहिलं असतं. आमच्या माणसाने आयुष्यभर फक्त टोपी पाहिली होती. टोपी नव्हती. त्याने चाक फिरवलं.

ओरडणं मला गेटपर्यंत ऐकू आलं. खाली माझ्या दोस्ताच्या तोंडावर कॉस्टिक उडालं होतं. लोकांनी त्याला नळाखाली धरून पाण्याने तोंड धुतलं, दवाखान्यात नेलं. डावा डोळा गेला.

चौकशी झाली. खाटेवरून तो सांगत होता, टोपी लावली होती. चाक फिरवणारा रडून सांगत होता, टोपी नव्हती. दोघेही खरं बोलत होते. मला विचारलं, तुम्ही फेरीवर होतात, टोपी पाहिलीत का? मी नाही म्हणालो. टोपी तेव्हा माझ्या घरी, कपाटात स्वेटरखाली होती. लाइन बंद केल्याचा पुरावा नाही, असं लिहून त्याला निष्काळजीपणासाठी कामावरून काढलं, आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पुढच्या महिन्यात नव्या कंपनीत माझी नेमणूक कायम झाली.

त्यानंतरच्या रविवारी मी टोपी पिशवीत घालून रिक्षाने मुरब्याला गेलो. सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्याने ती कंपनीत नेऊन आपटली असती, तर कदाचित त्याची नोकरी वाचली असती आणि माझी गेली असती. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. त्याच्या बायकोने चहा दिला. तो काळा चष्मा लावून ओट्यावर बसला होता, माझ्या मुलांची चौकशी करत होता.

"त्या दिवशी ती टोपी," मी कसाबसा सुरू झालो.

"जाऊ दे रं," तो म्हणाला. "ह्या घरात पन हेच बोलतात, तुमच्यातल्याच कोनी काडली असंल. मी सांगतो, आपल्यातला कोनी टोपीला हात लावनार नाय. त्या नव्यांतलाच असंल."

त्याची बायको माझ्याकडे पाहत होती. मी पिशवी पायाने मागे सरकवली.

"हो," मी म्हणालो. "नव्यांतलाच."