बिश्केकहून आलेली मोठीआई

मोठीआई गेल्याचं आम्हाला हिंगणघाटच्या श्वेताने कळवलं. श्वेता बिश्केकला डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मोठीआई तिथल्या मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन होती. फोन मला आला, कारण त्या मुलींकडे आमच्या घरातला माझाच नंबर होता. मी सेवाग्रामला ऑफिसात होते. श्वेताने पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं सांगितलं... दुपारी जेवून पडल्या, चहाच्या वेळेला उठल्या नाहीत, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा. मी “बरं” म्हटलं. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला अजूनही माहीत नाही. दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. कागदपत्रं झाली होती, पेटी दिल्लीमार्गे नागपूरला येणार होती. एवढं सांगून झाल्यावर ती एकदम आपल्या गावच्या बोलीत आली. “ताई, आंटीले आमी तिघींनीच तयार केलं. निळी साडी नेसवली. केस केले. टिकली लावली. ते टिकली तिकडे कोनाले काढू नका देऊ.”

मोठीआई विधवा होती. मी पाचवीत असताना मोठे बाबा गेले, तेव्हापासून तिच्या कपाळावर काही पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. पुलगावला आमच्या अंगणात पेटी उघडेल, बायका भोवती बसतील, आणि त्यातला कुठला हात आधी त्या टिकलीकडे जाईल, हे मला फोनवरच दिसलं. मी श्वेताला हो म्हटलं. पेटी येईपर्यंत घरात कोणालाही त्याबद्दल बोलले नाही.

आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला मोठीआई म्हणतात. मोठे बाबा आणि ती घराच्या एका अंगाला, आम्ही दुसऱ्या अंगाला, मध्ये सामाईक अंगण. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती देवळीला सरकारी कचेरीत कारकून होती. सकाळी डबा घेऊन बस पकडायची आणि संध्याकाळी येताना कोणासाठी ना कोणासाठी काहीतरी आणायची. मी कॉन्व्हेंटची, म्हणजे आमच्या भागात इंग्रजी शाळेत जाणाऱ्या सगळ्यांना म्हणतात तशी. घरातली वऱ्हाडी मला समजायची, पण तोंडातून यायची नाही, आणि शाळेतलं इंग्रजी घरी कोणाशी बोलायचं नाही. म्हणून मी गप्प असायचे. पाहुणे आले की मोठीआई त्यांच्यासमोर मला म्हणायची, “बोल ना वं, बोलाले फीस लागते का तुह्या कॉन्व्हेंटात?” सगळे हसायचे. मीही हसायचे. पाहुणे गेले की मात्र ती पेपरची पुरवणी घेऊन बसायची आणि मला मोठ्याने वाचायला लावायची. मी अडखळले तर दुरुस्त करायची नाही, पुढच्या शब्दाची वाट बघायची. आज मी हे मराठीत लिहू शकते ते तिच्या त्या वाट बघण्यामुळे.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या थोरल्या सुनेकडे, म्हणजे तिच्याकडे होत्या. भाद्रपदात माळ्यावरची ट्रंक उतरवून ती मुखवटे काढायची, कापसाने पुसायची, दोघींना साड्या नेसवायची. त्या निऱ्या तिच्यासारख्या कोणाच्याच बसत नसत. मोठे बाबा गेले त्या वर्षीही तिने सवयीने ट्रंक उघडली आणि पहिला मुखवटा हातात घेतला. तेव्हा आत्याआजी, माझ्या आजोबांची बहीण, खुर्चीवरून म्हणाली, “आता धाकटीले करू दे, प्रमिला.” आवाज अगदी मऊ होता. मोठीआईने मुखवटा माझ्या आईच्या हातात दिला आणि पुरण शिजलं का ते बघायला गेली. त्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, सगळा स्वयंपाक तिनेच केला. संध्याकाळी हळदीकुंकवाचं ताट ओळीने फिरलं. आई ते घेऊन तिच्यापाशी आली, थोडी घुटमळली आणि पुढच्या बाईकडे वळली. मोठीआई तेव्हा गॅस बंद आहे का ते बघायला उठली होती. पुढे दर वर्षी ताट तिच्यापाशी यायच्या वेळेला तिला गॅस आठवायचा.

तिच्याशी कोणी वाईट वागलं असं मात्र नाही. बाबा तिला विचारल्याशिवाय घरातला खिळाही ठोकायचे नाहीत. ती निवृत्त झाली तेव्हा पेन्शन होती, घर होतं, पायही चांगले होते. आता वहिनी आरामात राहतील, असं सगळे म्हणत होते. त्याच सुमारास गल्लीतल्या एका मुलीला किर्गिझस्तानला डॉक्टरीला पाठवायचं ठरलं. तिला पाठवणारा नागपूरचा एजंट चहा पिता पिता म्हणाला की तिकडे आपल्या मुलींच्या हॉस्टेलला एखादी वयस्क, घरगुती बाई हवी आहे, स्वयंपाकावर लक्ष ठेवणारी. कोणीतरी गमतीने मोठीआईचं नाव घेतलं. सगळे हसून झाल्यावर तिने विचारलं, “पासपोर्ट किती दिवसात निघते?”

बाबांना वाटलं, विसरेल. मग पासपोर्ट आला. त्या संध्याकाळी ते अंगणात तिच्यासमोर बसले. “वहिनी, आपल्या घरात तुम्हाले काय कमी हाये?”

“काईच कमी नाई भाऊजी.”

“मंग काऊन चालल्या?”

“तिकडे बर्फ पडते म्हणते. पाहून येतो.”

“अवो, बर्फ पाहाले लोकं मनालीले जातात. आठ दिवसात वापस येतात.”

ती नुसती हसली. गावात बोलणं झालंच. घरच्या महालक्ष्म्या टाकून गेली, असंही कोणी म्हणालं. त्या तिच्याकडून कधीच गेल्या होत्या हे बोलणाऱ्यांनाही ठाऊक होतं... पण ते कोणी बोललं नाही. मीही नाही.

तिकडे गेल्यावर ती दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करायची. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे. त्यामुळे ती लांब गेली आहे असं बाबांना वाटायचंच नाही. कूलरला वाळ्याच्या नवीन ताट्या लावल्या का, नळ कधी येतो, आईची गुडघेदुखी कशी आहे, हे सगळं ती विचारायची. आपलं सांगायची ते थोडं. बाजारात जर्दाळू ढिगाने मिळतात, ज्वारी शोधूनही मिळत नाही. तेलंगणाची पोरगी भाजीत चिंच टाक म्हणते, बिहारची नको म्हणते, दोघी रुसतात. मागून सारखं कोणीतरी “आंटी, आंटी” करत असायचं आणि ती मान न वळवता म्हणायची, “रुको जरा, घर पे बात कर रही हूँ.” घर म्हणताना ती आमच्याकडे बघत असायची. कॉल संपला की बाबा न चुकता म्हणायचे, “थकलेल्या दिसतात वहिनी. येतील या वर्षी.” तिच्या बाजूच्या खोलीचं कुलूप ते महिन्यातून एकदा उघडून झाडून घ्यायचे. तिने दोनदा सांगितलं की ती खोली भाड्याने द्या नाहीतर पोरीला, म्हणजे मला, द्या. बाबांनी दोन्ही वेळा विषय बदलला.

ती एकदाच आली, तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, जुलै संपता संपता. मी तिला घ्यायला नागपूरला गेले होते. चेहरा रापला होता, चाल भराभर झाली होती. गाडीत ती माझ्याकडे वळून बोलत होती तेव्हा दिसलं... दोन्ही भुवयांच्या मध्ये, रापलेल्या कातडीत, लहानसा गोल भाग तेवढा उजळ राहिला होता. माझी नजर तिने पकडली. पदराने कपाळ पुसत म्हणाली, “तिकडे बर्फावरचं ऊन लय वाईट राह्यते.” मी मान हलवली. सेलूच्या पुढे गेल्यावर ती पुन्हा बोलली, खिडकीबाहेर बघत. “तू येजो एखाद्या वेळी. तिकडे कोनी कोनाले ओळखत नाई. लय मोकळं वाटते... अन् लय एकटंही वाटते. दोन्ही एकदम.” महालक्ष्म्या बघून जा, असं बाबांनी खूप म्हटलं. पोरींचं कॉलेज सुरू होणार, असं सांगून ती त्याआधीच परत गेली. तोवर इथल्या ऑगस्टभरात तिचं कपाळ सगळीकडे सारखं झालं होतं.

पेटी आली ती भर दुपारी. अंगणात मांडव टाकला होता. वरच्या फळ्या निघाल्या, आतलं झाकण निघालं, आणि बायकांचं रडणं मध्येच थांबल्यासारखं झालं. निळ्या साडीत मोठीआई होती. केस मागे नीट विंचरलेले, आणि कपाळावर मरून रंगाची ठसठशीत टिकली. एवढ्या प्रवासात तिची एक कड थोडी उचलली गेली होती.

आत्याआजी आता खूप म्हातारी झाली आहे. ती सरकत सरकत पुढे आली, वाकली आणि हात पुढे केला. “हे काय करून ठेवलं पोरट्यांनी! त्याईले काय समजते. आना वं, फडकं वलं करून आना.”

“आजी, नका काढू.”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

“काऊन वं? रांडव बाईले टिकली राह्यते का?”

“ती लावायची. तिकडे रोज लावायची.”

“तुले कोनं सांगतलं?”

उत्तराची वाट न बघता आत्याआजीने माझ्याकडून मान फिरवून बाबांकडे बघितलं. “सुधाकर, काय म्हणते हे तुही पोरगी?” बाबा पेटीच्या पायथ्याशी उभे होते. ते वहिनीच्या कपाळाकडे असं बघत होते की आत्याआजीचं त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. कोणीतरी ओलं फडकं आणून आत्याआजीच्या हातात दिलं. तेवढ्यात आई उठली. आईला गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नाही. ती पेटीच्या कडेला धरून कशीबशी वाकली, अंगठा टिकलीच्या उचललेल्या कडेवर ठेवला आणि दाबून धरला. बराच वेळ धरला. मग आत्याआजीच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि त्याने मोठीआईच्या कानामागे लागलेली कापसाचा बारीक तंतू पुसला. आत्याआजी मागे सरकली.

सगळं पार पडलं. पाहुणे गेले. बाबा एक दिवस कुलूप उघडून तिच्या खोलीत गेले आणि झाडू न मारता नुसतेच बसून राहिले. मी जेवायला बोलवायला गेले तर मला म्हणाले, “यायचं होतं का वं त्याईले कधी? तुह्याजवळ काही बोलल्या?” मी म्हटलं, माहीत नाही. ते खरं होतं. गाडीत ती जे बोलली होती, त्याचा अर्थ मला दोन्हीकडून लागतो.

मागच्या आठवड्यात श्वेताने व्हिडिओ कॉल केला. मोठीआईचं सामान आवरायचं होतं, नवीन वॉर्डन येणार होती. काय पाठवू, काय वाटून टाकू, हे ती विचारत होती. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. श्वेताने खोली दाखवली. पलंग, खिडकीतल्या कुंडीतली कोथिंबीर, जाड कोट, हिटर. मग बेसिनवरचा आरसा आला. आरशाच्या उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, मरून टिकल्या चिकटवलेल्या होत्या. काही सुकलेल्या, काहींना पावडर लागलेली.

“हे काय हाये, बेटा?” बाबांनी विचारलं.

श्वेता गोंधळली. तिने माझ्याकडे बघितलं. “काकाजी, ते... आंटी रविवारी तुम्हाले फोन लावाच्या आधी काढून ठेवत होती. बोलनं झालं का मंग पुन्हा लावत होती. गोंद निघून गेला का जुनी तिथंच राहे, नवीन घेत होती. बाकी दिवस नाई काढे. फक्त रविवारी.”

बाबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. फोन माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ नेला.

“जवळ घे जरा, बेटा,” ते म्हणाले. “अजून जवळ घे. नीट दिसून नाई राह्यलं.”