नणंदेची बिनलेबलची डबी

पार्लरवाल्या वहिनींना त्यांचे यजमान शंकासूर म्हणत. नवी क्रीम आली की वहिनी आधी ती स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावणार, दिवसभर ठेवणार, मगच गिऱ्हाइकाच्या गालाला बोट. म्हणून तर बायका त्यांच्या खुर्चीत बिनघोर डोळे मिटत.

नणंदेने आणलेली पांढरी डबीही या परीक्षेत पास झाली. ना खाज, ना पुरळ. पण आठवड्याभरात गिऱ्हाइकांचे चेहरे असे उजळले, की वहिनींना तेच खटकलं. जुने वांग इतक्या मुकाट्याने जातात होय?

"यात घातलंय काय गं?"

"सगळा झाडपाला."

"धोतराही झाडपालाच. डबीवर काहीच कसं लिहिलेलं नाही?"

"वहिनी, तू आईचं दूधही गाळून प्यायली असशील."

नणंद हसली, पण क्रीम बनवणाऱ्याचं नाव काही तिने सांगितलं नाही. तिचं घर या डब्यांवर चालायचं, म्हणून वहिनी गप्प बसल्या.

मग शेजारच्या शिवणकामवाल्या काकू आल्या. "लेकीकडे गेले नि डबी इथेच राहिली. तोंड नुसतं पेटलं. परत लावली तेव्हा कुठे निवलं. गुणाची आहे हो."

लावली की बरं, सोडली की आग? वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. सोडल्यावर काय होतं, हे एका दिवसात कोपराला कसं कळणार?

घरी लेक आरशासमोर उभी होती. गालांवर केसासारख्या लाल रेघा.

"तूही लावतेस?"

"आत्याने दिली. तू गिऱ्हाइकांना लावतेस म्हटल्यावर चांगलीच असणार ना?"

लेकीला आणि काकूंना घेऊन त्यांनी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. "स्टेरॉईड असावं असं वाटतंय," बाई म्हणाल्या. "त्याने आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होऊन अशा रेघा येतात. डबी तपासायला देऊ. पण एकदम सोडू नका, मी सांगेन तसं कमी करा."

दुसऱ्या दिवशी वहिनी एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला बसल्या, तेवढ्यात नणंद आली.

"तपासणी तरी होऊ दे. माझं घर बसेल, वहिनी."

"दुसरं काम शोधू आपण. चेहरे कुठून आणायचे?"

नणंदेने ओला रुमाल घेऊन गालावरचा पावडरचा थर पुसला. खाली त्याच लाल रेघा, अधिक दाट.

"मी वर्षभर लावतेय," ती हळूच म्हणाली. "मलाही नेतेस का त्या बाईंकडे?"

वहिनींनी फोन खाली ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.